गाडे ओढणाऱ्याने मागे पाहू नये

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार. सकाळी ८.

मी, गोरक्षनाथ मुरलीधर चांदगुडे, वय वर्षे शहात्तर पूर्ण, शिक्षण चौथी उत्तीर्ण, धंदा शेती, राहणार मौजे बाभुळवाडी, तालुका कोपरगाव, जिल्हा अहमदनगर, हल्ली अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की, आमच्या गावच्या खंडोबाच्या यात्रेत चंपाषष्ठीस बारा गाडे ओढण्याचा मान माझा असून सन १९८३ ते सन २०१३ अशी एकतीस वर्षे ते गाडे मी एकट्याने ओढले आहेत. बैल न जुंपता एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, प्रत्येकीत आठ-दहा माणसे बसलेली, मारुतीच्या पारापासून देवळाच्या पायरीपर्यंत दीडशे पावले. ओढणाऱ्याच्या कमरेला शेला, शेल्याची गाठ पहिल्या गाडीच्या जुवाला.

असे असता सन २०१४ च्या चंपाषष्ठीस सकाळी, पारावर चाळीस माणसांसमोर, माझे धाकटे बंधू सहादेव मुरलीधर हे जे बोलले ते शब्द जसेच्या तसे असे: "दादा, गाडं तू वढत न्हाईस. आमी मागून ढकलतो, तू फकस्त म्होरं चालतोस."

लोक हसले. मी शेला घडी करून पेटीत ठेवला. त्या वर्षापासून गाडे त्यांचा मुलगा बजरंग ओढतो. मी यात्रेस जात नाही आणि सहादेव यांच्याशी बोलत नाही. त्यांचे दार माझ्या दारासमोर आहे. मध्ये चौदा पावलांचे अंगण आहे.

वही आज सुरू करण्याचे कारण: माझ्या खाटेचा एक पाय या दिवाळीत तुटून आखूड झाला आहे. माझे चिरंजीव काकासाहेब चाकणला कंपनीत असतात. दिवाळीस ते सहकुटुंब आले होते. त्यांची मुलगी निकिता, इयत्ता दहावी, हिने जाताना त्या आखूड पायाखाली आपले नववीचे विज्ञानाचे पुस्तक सरकवले. पुस्तकास खाटेचा पाय लागणे मला मान्य नाही. ते काढून घेतले, पुसले, उघडले. धडा निघाला गतीच्या नियमांचा. ओढणे, ढकलणे, बल, वजन. सर्व माझ्याच विषयाचे.

संकल्प: सदर धडा संपूर्ण वाचून सहादेव यांचे म्हणणे शास्त्राच्या आधारे खोटे ठरवणे. चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला आहे. मुदत पुरेशी आहे. मी चौथीत असताना शाळा तपासणीस आलेल्या डिपोटी साहेबांनी माझी वही साऱ्या वर्गात फिरवली होती. नववीचे पुस्तक मला जड जाण्याचे कारण नाही.

खाट आता डुगडुगते. इलाज नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार.

न्यूटन नावाचे गृहस्थ आहेत. त्यांचे म्हणणे, बाहेरून कोणी बल लावत नाही तोवर थांबलेली वस्तू थांबूनच राहते आणि चालती वस्तू सरळ चालतच राहते.

पहिला अर्धा भाग मान्य. सहादेव अकरा वर्षे त्यांच्या ओट्यावर एकाच खांबाला टेकून बसलेले मला दिसतात. बाहेरून कोणी हलवत नाही, म्हणून ते हलत नाहीत.

दुसरा अर्धा भाग अमान्य. बैल थांबले की गाडी थांबते. मी बावीस गळीत हंगाम साखर कारखान्यास ऊस वाहिला आहे. चालती गाडी चालतच राहिली असती तर कारखान्याच्या काट्यावर एकही गाडी उभी राहिली नसती. न्यूटन यांनी गाडी हाकलेली दिसत नाही. तसे सविस्तर पत्र पुस्तक काढणाऱ्यांस लिहावे.

दुपारी: पत्र लिहिले नाही. पोस्टमनकडे आंतरदेशीय पत्र मागितले. तो म्हणाला, "नाना, लई दिवसांनी कुनी मागितलं. बघतो, आसलं तर आनतो." 

२ नोव्हेंबर, रविवार.

निकिताचा फोन रविवारी अकरा वाजता येतो. मी पावणेअकरापासून मोबाईल हातात धरून बसतो, कारण खिशात असल्यास ऐकू येत नाही.

तिला न्यूटन यांची चूक सांगितली. ती म्हणाली, "आजोबा, चालती गाडी आपोआप नाही थांबत. तिला घर्षण थांबवतं. घर्षण हेच बाहेरचं बळ." मी सांगितले की माझ्या गाडीच्या आसाला मी स्वतः वंगण घालत असे, घर्षण ठेवतच नसे. ती बराच वेळ हसली. कशास ते विचारले नाही. हसणे ऐकू येत होते, ते पुरे.

बोलणे सहा मिनिटे झाले. मागील रविवारी चार मिनिटे झाले होते. सुधारणा आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

बजरंग आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या उंबऱ्यात. गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, हातात काठी. (वडिलांना तो बापू म्हणतो, मला नाना.) म्हणाला, "नाना, माजा गुडगा गेला कामातून. औंदा गाडं तुमी वढा."

मी विचारले, ही विनंती कोणाची? तो म्हणाला, "कमिटीची. म्हंजी... बापू म्हनले, दादाला इचारून ये."

शेवटचे वाक्य मला नीट ऐकू आले नाही. नोंद अशी: यात्रा कमिटीने एकमताने विनंती केली आणि ती मी स्वीकारली. मात्र अट घातली. गाडे निघाल्यापासून पोहोचेपर्यंत एकाही माणसाने मागून हात लावता कामा नये.

बजरंग हसला. "नाना, मंग गाडं हालायचं कसं?"

मी म्हणालो, तेच सव्वीस तारखेस सर्वांस दिसेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

सराव सुरू. माझी स्वतःची टायरगाडी बैल गेल्यापासून सात वर्षे अंगणात उभी आहे. तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या डोक्याएवढ्या रचलेल्या आहेत. वजनास तेवढे ठीक. चाकांत हवा भरण्यास पंक्चरवाला छगन यास बोलावले. त्याने विचारले, "नाना, बैल कुठंयत?" मी म्हणालो, आवश्यकता नाही. तो म्हणाला, "मंग डाक्टरला तरी सांगून ठिवा."

पेटीतून शेला काढला. रतनबाईंनी (माझी पत्नी, तीन वर्षांपूर्वी वारली) घातलेल्या कडूलिंबाच्या पाल्यासकट निघाला. कसर लागलेली नाही.

गाडी हलली नाही. कारण: शेल्याची गाठ ढिली होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

गाडी अडीच बोटे पुढे गेली. चाकापाशी जमिनीवर चुन्याची रेघ मारून ठेवली. साक्षीदार: कोणी नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार.

रेघ पाहिली. गाडी अडीच बोटे मागे येऊन मूळ जागी उभी आहे. पुस्तकात यास जडत्व म्हणतात. दोष माझा नाही, वस्तूचा आहे.

९ नोव्हेंबर, रविवार.

निकिताने हिशेब मांडला. माणसांसह एक गाडी एक टन धरली तर बारा गाड्या बारा टन. घर्षण शंभराला चार धरले तरी पाचशे किलोच्या आसपास जोर लागतो. तिने माझे वजन विचारले. मी पन्नास सांगितले. (सत्तेचाळीस आहे.)

ती म्हणाली, "स्वतःच्या वजनाइतकं ओढलंत, तरी पन्नास. मग बाकीचं साडेचारशे कुठून यायचं आजोबा?"

मी म्हणालो, खंडोबाकडून.

ती म्हणाली, "बरोबर. पुस्तकात त्याला बाह्य बल म्हणतात."

देवाचा उल्लेख पुस्तकात आहे हे ऐकून समाधान वाटले. आता न्यूटन यांच्याविषयी माझे मत पूर्वीइतके वाईट नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

शक्ती वाढवण्यासाठी रोज दोन भाकरी जास्त खाण्याचा संकल्प. भाकरी मी स्वतः थापतो. वाढीव दोनपैकी एक तव्यावर तुटली, दुसरी करपली. दोन्ही कुत्र्यास दिल्या. संकल्प कुत्र्याने पाळला.

गाडी हलली नाही. तीन वेळा ओढली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, जुवावर डोके टेकून थोडा वेळ बसलो. समोरच्या ओट्यावर सहादेव होते. खांब सोडून उभे राहिले होते. माझे लक्ष जाताच खाली बसले. मला बसलेले पाहून त्यांना आनंद झाला असणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ७.

गाडी सात पावले गेली.

पुन्हा लिहितो. सात पावले. आधी मी सर्व जोर लावला, काही नाही. मग मागून देवाने श्वास घ्यावा तसे काहीतरी झाले आणि गाडी लोण्यातून निघाल्यासारखी निघाली. जुनी ताकद अंगात होतीच, तिला वेळ लागला इतकेच.

साक्षीदार कोणी नाही, एवढीच उणीव. मी मागे पाहिले नाही. गाडे ओढणाऱ्याने मागे पाहू नये, पाहिल्यास देव गाडा सोडतो, असा नियम वडिलांनी मला पहिल्या वर्षी सांगितला. एकतीस वर्षांत मी एकदाही मागे पाहिलेले नाही. सरावातही पाहत नाही. आणि पाहिले तरी कडब्यापलीकडचे काही दिसणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ७.

गाडी रात्रीतून जडत्वाने मूळ जागी आली होती. आज बारा पावले. मागून खोकल्यासारखा आवाज आला. आस कोरडी पडलेली दिसते. वंगण आणावे.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

फाटकापर्यंत! तिथे मी थांबलो, गाडी थांबली नाही. जू येऊन कमरेत बसले. चालती वस्तू चालत राहते हे न्यूटन यांचे म्हणणे आज मला पाठीने पटले. पुस्तक काढणाऱ्यांस लिहावयाचे पत्र रद्द.

पूर्वी यात्रेच्या संध्याकाळी रतनबाई मिठाच्या पुरचुंडीने पाठ शेकत असत. शेकताना मी दरवर्षी विचारी, गाडे कोणी ओढले? त्या पदर तोंडाला लावून म्हणत, "तुमीच वढले. तुमीच." हा पुरावा म्हणून नोंदवतो. त्या यात्रेस दरवर्षी पाच किलो गूळ घेऊन गूळपाणी करत. ओढणारा मी एकटा, इतके गूळपाणी कोणासाठी, हे विचारावयाचे राहून गेले.

मीठ तव्यावर गरम केले. पाठीमागे स्वतःचा हात पोहोचत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार.

पावणेअकरा ते एक. फोन आला नाही. तीन वाजता मीच लावला. काकासाहेबांनी घेतला. म्हणाले, "तिचा दहावीचा क्लास असतो आता रविवारी. काही अर्जंट होतं का आण्णा?"

मी म्हणालो, नाही. अभ्यास महत्त्वाचा.

फाटकापर्यंतची गोष्ट सांगावयाची होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ३.

साक्षीदार मिळाला. शेजारच्या बायडाबाई, वय ऐंशीच्या पुढे, मला लहानपणापासून ओळखतात. दुपारी दोन वाजता त्यांना दगडावर बसवले आणि गाडी ओढून दाखवली.

गाडी हलली नाही. उन्हाने लोखंडाची आस फुगते. पुस्तकात उष्णतेचा वेगळा धडा आहे, तो अद्याप वाचलेला नाही.

बायडाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. म्हणाल्या, "गोरखा, सकाळचं वढतो ना? मंग सकाळीच वढत जा बाबा. दुपारचा तुजा बैल मळ्यात आसतो."

कोणता बैल, हे मी विचारले नाही. त्यांचे वय झाले आहे. दुपारी मळ्यात सहादेव असतात. त्यांच्याकडेही बैल नाहीत.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

कमिटीस लेखी पत्र दिले. नक्कल: "गाडे ओढतेवेळी कोणीही मागून, बाजूने अथवा इतर प्रकारे हात लावू नये. सर्वांनी हात पाठीमागे धरावेत. विशेषतः श्री. सहादेव मुरलीधर चांदगुडे यांनी गाड्यांपासून दहा हात दूर राहावे. त्यासाठी चुन्याची रेघ मारण्यात यावी. ही अट आज तारखेपासून लागू."

बजरंगने दोनदा वाचले. "नाना, हे बापूला दावू?"

मी म्हणालो, त्यांच्यासाठीच लिहिले आहे.

तो काठी टेकत गेला. अंगण ओलांडायला त्याला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ७.

गाडी हलली नाही. दव.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ७.

हलली नाही. थंडी. आसाला वंगण कमी असावे.

२२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९.

वंगण घालण्यासाठी गाडीच्या मागे गेलो. सराव चालू नव्हता, त्यामुळे नियमाचा भंग नाही.

चाकांमधल्या मातीत अनवाणी पावले उमटलेली आहेत. बोटे खोल रुतलेली, टाच उचललेली, म्हणजे मनुष्य वाकून जोर करत होता. दिशा फाटकाकडे. डाव्या पावलाला करंगळी नाही.

सन १९६६. गोदावरीच्या उतारावर लोखंडी धावेची लाकडी गाडी चिखलात रुतली. मी सतरा वर्षांचा, पुढे बैलांपाशी. सहादेव बारा वर्षांचे, मागे. बैल हटले, गाडी मागे आली, त्यांची करंगळी चाकाखाली गेली. दवाखान्यात त्यांनी वडिलांना सांगितले की माझाच पाय घसरला. बैल मी नीट धरले नव्हते, हे त्यांना दिसले होते. मला ते विचारण्याचा प्रसंग आला नाही.

अंगण सामाईक आहे. कोणीही चालू शकतो.

दुपारी: अंगण झाडले. गाडीच्या मागचे झाडले नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार.

सव्वा वाजता फोन आला. निकिता क्लासहून चालत घरी निघाली होती, मागे गाड्यांचे आवाज. मी तिसऱ्या नियमाविषयी विचारले. एकाने दुसऱ्याला जितके बल लावावे तितकेच दुसरा पहिल्यास उलट लावतो. मी म्हणालो, समजा एकाने आधी लावले. दुसऱ्याने फक्त उत्तर दिले. तर दोष पहिल्याचा, बरोबर?

ती म्हणाली, "आधी आणि नंतर असं नसतंच आजोबा. दोन्ही एकाच वेळी. क्रिया कुठली आणि प्रतिक्रिया कुठली, कसंही म्हणा."

मी म्हणालो, तरीही कोणीतरी सुरुवात केली असेल.

"भिंतीवर हात आपटला तर कोणी कोणाला मारलं? हातालाही लागतं, भिंतीलाही. दोघांना वेगवेगळं लागतं, म्हणून ते एकमेकांत वजा होत नाही."

वजा होत नाही. हे तिला पुन्हा म्हणावयास लावले.

पहिल्या दिवशीच्या नोंदीत एक गोष्ट राहिली आहे. सन २०१४ ला पारावर सहादेव बोलण्यापूर्वी मी बोललो होतो. शब्द असे: या गावात गाडा हलवणारा एकच पुरुष आहे, बाकी सगळे नुसते बसणारे. त्या वेळी पाराभोवती ते सर्व लोक होते, जे दरवर्षी गाड्यांच्या मागे असतात. सहादेव हसत बोलले होते. पुढे असेही म्हणाले होते, "आमी हात काढला तर तुजा शेलाच फाटंल दादा." तेही लिहिले नव्हते. जागा कमी होती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. सायंकाळी ५.

अट मागे घेण्याचा संकल्प. कमिटीस सांगून उपयोग नाही, ज्याच्यासाठी लिहिली त्यास सांगावी. अंगणात निघालो. नऊ पावले गेलो. सहादेव पाठ करून बसले होते, बैलाची जुनी वेसण उकलत. बैल नसताना वेसण कशास, हे मनात आले आणि पाय थांबले. थांबलेली वस्तू थांबूनच राहते. उभा राहिलो, मग परत आलो. चप्पल घातलेली नव्हती, हेही एक कारण.

उद्या सकाळी सांगता येईल.

२६ नोव्हेंबर, बुधवार, चंपाषष्ठी. सायंकाळी ६.

सकाळी सांगितले नाही. बाकी उद्या लिहितो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी १०.

मी, वर नाव, वय व पत्ता दिलेला, काल दिनांक २६ रोजी जे घडले ते खरे खरे लिहितो.

दुपारी चार वाजता बारा गाडे पारापाशी बांधून तयार होते. बायामाणसे, म्हातारी, पोरे मिळून शंभरावर माणसे आत बसली होती. भंडारा उधळला, येळकोट झाला. माझ्या कमरेला शेला बांधला. मागे साठेक तरुण होते, ते सर्व माझ्या पत्राप्रमाणे हात पाठीमागे धरून उभे राहिले. चुन्याची रेघ मारलेली होती.

मी पहिल्यांदा ओढले. हलले नाही.

येळकोट थांबला. इतक्या माणसांची एवढी शांतता मी पूर्वी ऐकलेली नव्हती. गाड्यांतून कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. एकतीस वर्षे गाडे चालू लागण्यापूर्वी मागून जो एक श्वास येत असे, तो आला नाही. मी त्यास देव समजत होतो.

दुसऱ्यांदा ओढले. शेला गाठीपाशी फाटला आणि मी गुडघ्यांवर पडलो. पडताना अंग फिरले आणि मी मागे पाहिले. नियमाचा भंग झाला. तो नाकारत नाही.

बारा गाडे पाराला वळसा घालून उभे, सर्व तोंडे माझ्याकडे. शेवटच्या गाडीमागे, चुन्याच्या रेघेवर अंगठे टेकवून सहादेव उभे होते. इतरांसारखे हात मागे. रेघ दहा हातांवर आहे हे पाहण्यासाठी ते सकाळीच काठीने मोजून गेले होते, असे मला नंतर कळले. चेहरा असा होता की मला १९६६ सालचा दवाखाना आठवला.

दुसऱ्या गाडीतून बायडाबाई ओरडल्या, "आरं ढकला की मेल्यांनो! म्हातारं मरंल तिथं!"

कोणी हलले नाही. पत्र माझे होते.

त्यानंतर मी बोललो. शब्द शुद्ध नव्हते, तसेच्या तसे देतो: "आरं बघतो काय सहाद्या! ढकल की!"

सहादेव तिथूनच ओरडले, "तू लिवून दिलंय दादा. धा हात."

मी म्हणालो, "चुलीत घाल ते!"

ते रेघ ओलांडून आले. वाकले आणि बाराव्या गाडीला खांदा लावला. मग साठांचेही हात लागले.

गाडे निघाले. मी वाटेतच गुडघ्यांवर होतो आणि चालती वस्तू माझ्यासाठी थांबणार नव्हती. बजरंगने काठी टाकली, त्याने आणि छगनने मला काखेत धरून उचलले आणि पहिल्या गाडीत बसवले. आमच्या गावाच्या यात्रेत गाडे ओढणारा गाडीत बसून देवळापर्यंत गेल्याचा दाखला यापूर्वी नाही. दीडशेपैकी दीडशे पावले मी बसून गेलो. तोंड मागे होते, त्यामुळे सर्व पाहिले. एकतीस वर्षांत जे दिसले नव्हते ते सर्व. ढकलणाऱ्याचे डोके खाली असते. त्याला देऊळ दिसत नाही, गाडा कुठवर आला हेही दिसत नाही. समोरचे लाकूड तेवढे दिसते. मधूनच सहादेव मान वर करत आणि मी गाडीत आहे का पाहत. मी आहे, असा हात मी दोनदा वर केला.

देवळाच्या पायरीशी गूळपाणी नव्हते. रतनबाई गेल्यापासून कोणी करत नाही, असे बजरंग म्हणाला. त्यांचे गूळपाणी कोणासाठी असे, हे आता विचारण्याची गरज नाही.

सदर वहीच्या पहिल्या पानावरील 'एकट्याने' हा शब्द आज मी खोडला असून बाजूस सही केली आहे.

आज सकाळी आठ वाजता सहादेव अंगण ओलांडून आले. हातात मिठाची पुरचुंडी होती. पाठ शेकली. मग खाली बसून त्यांनी खाटेचा आखूड पाय पाहिला, माझ्या उशाजवळचे निकिताचे पुस्तक घेतले आणि त्या पायाखाली सरकवले. मी हरकत घेतली नाही. धडा संपलेला आहे.

म्हणाले, "दिवाळीपस्नं तुजी खाट वाजतीय. मला तिकडं झोप न्हाई."

अकरा वर्षांनंतर अंगणाच्या या बाजूला बसून ते एवढेच बोलले. मीही बोलावयाचे पुष्कळ ठरवले होते. चहा केला. साखर जास्त पडली. दोघांनी प्यायला.

येणेप्रमाणे लिहिले ते खरे आहे.

लिहितेवेळी समक्ष हजर:

१. बायडाबाई, राहणार शेजारी. दारातून डोकावून गेल्या. "झालं का तुमचं?" एवढे म्हणाल्या.

२. सहादेव मुरलीधर चांदगुडे, वय एकाहत्तर, राहणार समोर. खाटेसमोर पाटावर बसून आहेत. कप रिकामा होऊन अर्धा तास झाला. उठून जात नाहीत.